पाणी मुरेना

नागपूरच्या माणसाला प्लॉट कसा बघायचा हे शिकवायला जाऊ नये. गाडीवरून उतरायच्या आधीच तो ‘आरएल आहे का?’ विचारतो, उतरला की ‘एनएटीपी झालं का?’ विचारतो, आणि कागदांची ही चौकशी झाली की कमरेवर हात ठेवून पूर्वेकडे तोंड करतो. पूर्व कुठे आहे हे त्याला मोबाइल सांगतो. रस्ता तीस फुटी की चाळीस फुटी, मिहान किती मिनिटांवर, एम्स किती मिनिटांवर, समृद्धीचा झिरो पॉइंट किती दूर, शेजारच्या प्लॉटवाल्याचं आडनाव काय, ही सगळी चौकशी तो उभ्याउभ्या उरकतो. माती कशी आहे, हे मात्र विचारत नाही. दलालानेच आपणहून ‘काळी आहे भाऊ, एकदम कसदार’ असं सांगितलं तर उलट खूश होतो. घर बांधायचंय, कापूस पेरायचा नाही, हे त्या घटकेला दोघांच्याही लक्षात नसतं.

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, गोधनी, बोखारा अशा चहूबाजूंनी शहर पसरत चाललंय, पण सांडपाण्याची गडर लाइन आपल्या चालीने येते. नव्या लेआउटमध्ये आधी दोन घरं येतात, मग कुत्री, मग विजेचे खांब, किराणा दुकान, गणेश मंडळ आणि कोणाच्या तरी वाढदिवसाचा फलक. गडर लाइन ‘मंजूर झाली आहे’ या अवस्थेत पोचते आणि तिथेच रमते. धंतोली-धरमपेठेतल्या माणसाला यातलं दुःख कळायचं नाही. त्याने फ्लश दाबला की त्याचा संबंध संपला. शहराचं बरंचसं सांडपाणी भांडेवाडीला जातं, तिथे शुद्ध होतं, त्यातलं पुष्कळ कोराडीच्या वीज केंद्राला पुरवलं जातं. म्हणजे मे महिन्यात धरमपेठेचा कूलर फिरतो त्यात धरमपेठेचा स्वतःचा काही वाटा असतो असं म्हणायला हरकत नाही. बेलतरोडीच्या पुढच्या माणसाने आपलं आपण बघायचं. म्हणजे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा.

आमच्या साडूंनी त्या बाजूला तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला आणि घर बांधायला काढलं. स्वयंपाकाच्या ओट्याचा ग्रॅनाइट काळा की हिरवा, यावर घरात महिनाभर बैठका झाल्या. पूजाघराच्या जाळीवर ओम की कलश, यावरून दोन पक्ष पडले आणि एक अजून नीट बोलत नाही. सेप्टिक टँकचा विषय साडूंनी काढला तेव्हा मेव्हणी म्हणाली, “जेवताना नको.” जेवण झाल्यावर काढला तेव्हा म्हणाली, “आत्ताच जेवलो ना!” अशा रीतीने तो विषय मिस्त्रीच्या पदरात पडला. बहुतेक घरांत तो असाच पडतो.

“खड्डा किती खोल घेणार?” साडूंनी विचारलं.

“मुरूम लागेपर्यंत जाऊ नं भाऊ.”

“आणि नाही लागला तर?”

“नाही लागत म्हणजे? लागते नं.”

“पण पाणी मुरेल ना?”

मिस्त्रीने तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. “मुरन नाही तं जाईन कुठी? पाणी खालीच जाते नं. वर थोडीच येते.”

या युक्तिवादाला तोड नाही. पाणी खाली जातं हे खरंच आहे. किती वेळात जातं, एवढाच प्रश्न उरतो. आणि सकाळी सहा ते नऊ या वेळात घरातल्या पाच जणांना एकाच कामासाठी रांग लावायची असेल, तर तो प्रश्न लहान नसतो.

इथे टाकीबद्दलचा एक गोड गैरसमज सांगायला हवा. तो जगभरचा आहे. फ्रान्समधल्या वेझूल गावच्या ज्याँ-लुई मूरास याने १८६० च्या सुमारास आपल्या घरासाठी अशी बंद टाकी केली आणि १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे १८९५-९६ च्या सुमाराला इंग्लंडातल्या एक्सेटर शहराच्या डोनाल्ड कॅमेरॉनने तिला सेप्टिक टँक हे नाव दिलं. तेव्हापासून गृहस्थाश्रमी माणसाची अशी श्रद्धा आहे, की टाकी सगळं खाऊन टाकते. टाकी काही खात नाही. जड गाळ तळाशी बसतो, हलकं ते वर सायीसारखं धरतं, हवेवाचून जगणारे जिवाणू त्यातलं थोडंफार कुजवतात, आणि जेवढं पाणी आत आलं तेवढंच पलीकडच्या तोंडाने बाहेर पडतं. जरा कमी घाण होऊन, इतकंच. त्या पाण्याचं खरं शुद्धीकरण पुढे मातीत होतं. टाकी हे कारकुनी काम आहे. निर्णय जमीन घेते. आणि तिला तर आपण काही विचारलेलंच नसतं.

विचारायची पद्धत फार साधी आहे. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात हेन्री रायन नावाचा अभियंता होता. त्याने १९२० च्या दशकात, वापरातले शोषचर, म्हणजे सांडपाणी मुरवायचे चर, शोधून त्यांच्याजवळच्या जमिनीत लहान खड्डे खणले, पाणी ओतलं आणि घड्याळ लावून बसला. पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात, यावरून ती जमीन घरच्या सांडपाण्याचा भार पेलेल की नाही हे ठरवायचं. पर्कोलेशन टेस्ट म्हणतात ती हीच. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस २४७०’ या मानकात ती दिलेली आहे. दोन भागांतलं हे मानक १९८५ सालचं असून सेप्टिक टँक बांधू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी आहे. मी आजवर जेवढ्या मिस्त्रींशी बोललो, त्यांतल्या एकालाही त्याचा राग नव्हता. ते अस्तित्वात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

साडूंच्या नशिबाने, किंवा दुर्दैवाने, त्यांच्या पुतण्याचा मित्र नुकताच सिव्हिल इंजिनीअर झाला होता आणि त्याला अजून काम मिळालेलं नव्हतं. रिकामा इंजिनीअर फार बारकाईने काम करतो. तो मानकाची प्रत मोबाइलमध्ये घेऊनच आला.

मिस्त्रीने त्याला आधी एक टेस्ट करून दाखवली. मे महिना होता. डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर उभं राहता येत नव्हतं, आणि प्लॉटभर भेगा पडल्या होत्या. काळ्या जमिनीच्या या भेगा म्हणजे तळहात सहज आत जाईल अशा. मिस्त्रीने एक बकेट पाणी त्यातल्या एका भेगेत ओतलं. पाणी ‘गट्’ असा आवाज करून नाहीसं झालं. पाठोपाठ दुसरी बकेट. तीही गेली. “पाहा साहेब,” तो म्हणाला, “एका मिनिटात गायब! येवढी पिते ही जमीन. गावाचा संडास टाकला तरी पिऊन टाकन.”

साडूंनी माझ्याकडे बघितलं. मीही मान डोलावणार होतो.

“काका, ही टेस्ट खोटी आहे,” तो पोरगा म्हणाला.

काळ्या मातीचा सगळा स्वभाव इथे आहे, म्हणून जरा थांबतो. या मातीत माँटमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिच्या कणांचे पापुद्रे इतके पातळ असतात की पाणी त्यांच्या मध्ये शिरतं आणि माती फुगते. पाणी उडून गेलं की आक्रसते आणि फाटते. विदर्भातला कोरडवाहू कापूस याच गुणावर उभा आहे, कारण पावसाळा सरला तरी ओल धरून ठेवणारी जमीन हीच. घराच्या भिंतीला तिरक्या चिरा पडतात त्याही याच गुणाने, आणि म्हणून पाया घेताना आपला मिस्त्री काळी माती काढून मुरूम भरतो. तेवढं त्याला बरोबर कळतं. पण पायाखालची माती फुगते तर शोषखड्ड्याभोवतीचीही फुगेल, हा विचार प्लॉटच्या मागच्या बाजूपर्यंत येत नाही. मे महिन्यात भेगेत पाणी ओतलं तर ते मातीत मुरत नाही, भेगेत पडतं. जून-जुलैत पाऊस लागला की भेग मिटते. मग त्याच जमिनीवर ऑगस्टमध्ये पाणी ठेवा; ते तिथेच राहील, बेडूक येतील, मुलं कागदी होड्या सोडतील. मे महिन्यात आमच्या भागातली प्रत्येक जमीन पहिल्या वर्गात पास होते आणि ऑगस्टमध्ये सगळीच्या सगळी बॅच नापास.

मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असावं. परीक्षेचा खड्डा रुंदीला १०० ते ३०० मिलिमीटर आणि शोषचर जेवढा खोल जाणार तेवढा खोल घ्यायचा. त्याच्या भिंती टोकदार हत्याराने खरवडायच्या, कारण पहारीने माती लिंपली जाते आणि तिची छिद्रं बुजतात. सुटी माती काढायची. तळाला ५० मिलिमीटर भरड वाळू किंवा बारीक खडी घालायची. मग ३०० मिलिमीटर पाणी भरून खड्डा रात्रभर तसाच ठेवायचा. का, तर मातीला फुगायला पुरेसा वेळ मिळावा आणि वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत ती जशी असते तशी व्हावी. मे महिन्यातल्या मातीला एका रात्रीत ऑगस्ट दाखवायचा, अशी ती युक्ती आहे. मला मानकातलं हे वाक्य फार आवडलं. मुलगी बघायला जाताना किंवा जावई बघताना अशी काही सोय असती, तर पुष्कळ संसार वाचले असते.

रात्री खड्ड्याजवळ कोण झोपणार, हा प्रश्न निघालाच. डुकरं, कुत्री आणि प्लॉटवर रात्री बसायला येणारी पोट्टी, अशा तिन्ही दिशांनी धोका होता. शेवटी खड्ड्यावर फळी, फळीवर वीट, आणि विटेवर साडूंच्या आईंनी एक लिंबू ठेवलं. लिंबू मानकात नाही.

सकाळी खड्ड्यात पाणी होतं. फळी काढली तर वर एक मेलेला मुंगळा तरंगत होता आणि पाण्याला चहाचा रंग आला होता. पोराने पाण्याची पातळी खडीपासून १५० मिलिमीटरवर आणली, खड्ड्यावर आडवी सळी ठेवली, तिच्यापासून शाळेतली लाकडी फूटपट्टी उभी धरली आणि मोबाइलचं घड्याळ सुरू केलं. आता अर्धा तास काहीही करायचं नव्हतं. फक्त बघायचं.

नागपुरात खड्ड्यात बघत उभ्या असलेल्या पाच माणसांची दहा मिनिटांत पंधरा माणसं होतात. पहिला आला तो दूधवाला. “काय निघालं?” त्याने हळूच विचारलं. बोअर मारत आहेत असं एकाला वाटलं आणि त्याने किती फुटांवर पाणी लागलं त्याची चौकशी केली. कोपऱ्यातल्या निवृत्त गृहस्थांनी विचारलं, “भूमिपूजन का? मुहूर्त आज कुठे आहे?” ‘आम्ही पाणी मुरतं का बघतोय’ हे सत्य सांगितल्यावर कोणाचाच विश्वास बसला नाही. एवढी माणसं, इंजिनीअर, मोजपट्टी, घड्याळ आणि वर लिंबू. यात नुसतं पाणी कसं असेल? धन निघालं आहे आणि हे लोक सांगत नाहीत, असं लेआउटचं एकमत झालं.

अर्ध्या तासात पाणी नऊ मिलिमीटर उतरलं.

पोराने हिशेब केला. नऊ मिलिमीटरला तीस मिनिटं, तर पंचवीस मिलिमीटरला किती? साधारण ८३ मिनिटं. मानकात उतरंड दिलेली आहे. ३० मिनिटांपर्यंत असेल तर शोषखड्डा करा किंवा शोषचर काढा. ३० ते ६० असेल तर शोषचरच काढा, खड्ड्याचं नाव घेऊ नका. ६० च्या वर गेलं तर हे पाणी जमिनीत सोडायचा विचारच सोडा. ते गाळणीतून आणखी शुद्ध करून मग पुढची वाट दाखवा.

“घड्याळ तं बरोबर आहे नं?” मिस्त्रीने विचारलं.

साडूंना निकाल पचेना. “अरे, पण तिकडे पलीकडच्या लेआउटमध्ये माझ्या साहेबांच्या खड्ड्यात भराभर पाणी जातं.” जात असेलही. नागपूर या बाबतीत मोठं फसवं गाव आहे. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग ज्या बेसाल्टच्या थरांवर बसला आहे, ते थर पश्चिमेकडून येतात आणि नागपूरपाशी संपतात. शहराच्या पश्चिमेला हा काळा खडक, पूर्वेला त्याच्याहून कितीतरी जुना नाइस. पूर्व नागपूर आणि पश्चिम नागपूर यांच्यातला भेद राजकारण्यांनी केला, असं उगाच म्हणतात. एका बाजूला फूटभर मातीखाली मुरूम लागतो, दुसऱ्या बाजूला खणत जा, काळी चिकण संपतच नाही. साहेबांच्या खड्ड्याचा दाखला देऊन आपला खड्डा खणणं म्हणजे शेजाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट दाखवून औषध आणणं.

हे सगळं इथे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी धर्मप्रसारासाठी नागपुरात आले, आणि आजूबाजूचे दगड बघत हिंडले. टाकळीच्या थरांतले जीवाश्म गोळा केले, आणि १८५५ मध्ये सहकारी हंटर यांच्याबरोबर नागपूर परिसराच्या भूगर्भावर लंडनच्या शास्त्रीय नियतकालिकात निबंध छापला. त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याकडे १८८३ पासून आहे. धर्मोपदेशक माणूस जमिनीत बघत होता. आणि आज जमिनीचा मालक वर बघतो, ग्रह कुठे आहेत ते.

आणि कशाकशाची मुख्यालयं आहेत या शहरात! अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. देशातल्या मातीचे नकाशे करणारी संस्था ती हीच. सांडपाणी हा ज्यांचा रोजचा विषय, ती नीरी इथलीच. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संस्था म्हणून निघाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. काळ्या मातीतल्या कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही इथेच. सगळा देश मातीबद्दल नागपूरला विचारतो आणि नागपूर मिस्त्रीला विचारतं. अर्थात ब्यूरोला दोष देण्यात अर्थ नाही. राज्यांचे मातीचे जे नकाशे त्यांनी काढले ते अडीच लाखास एक या प्रमाणाचे. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीच किलोमीटर. त्यात साडूंचा प्लॉट शोधायला गेलात तर पेन्सिलीचं टोकही त्याच्यावर मावणार नाही. म्हणून मग खड्डाच खणावा लागतो.

मुरण्याचा निकाल हातात आल्यावर पोराने पुढचं पान उघडलं, आणि तिथे खरी पंचाईत झाली. शोषखड्डा करायचाच म्हटलं, तरी तो पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर. आता तीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटचा कर्ण काढा. शाळेत पायथागोरस शिकवतात तो यासाठीच. कर्ण येतो ५८ फूट आणि काही इंच. १८ मीटर म्हणजे ५९ फूट. बोअर या कोपऱ्यात आणि खड्डा त्या कोपऱ्यात, असं टोकाला टोक गाठलं तरी नऊ इंच कमी पडतात. घरापासूनचे ६ मीटर म्हणजे वीस फूट. ते सोडले तर घराला जे उरतं त्यात फार तर जिना बसतो. घर न बांधता नुसता सेप्टिक टँक बांधणाऱ्याला मात्र नियम पाळायला काही अडचण नाही.

यात वास्तुवाले आले. ते होकायंत्र घेऊन आले, प्लॉटच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी सांगितलं की बोअर ईशान्येला, टाकी वायव्येला. यात तडजोड नाही. म्हणजे दोन्ही उत्तरेच्याच बाजूला. साडूंच्या प्लॉटची उत्तरेची बाजू आहे तीस फुटांची. १८ मीटरचे आता नऊ मीटर झाले.

पण गंमत याच्या पुढे आहे. पोराने कागदावर अख्ख्या ओळीतले प्लॉट काढले. सगळेच वास्तू बघून बांधणारे. आपली वायव्य म्हणजे पश्चिमेच्या शेजाऱ्याची ईशान्य. आपली टाकी जिथे येते, भिंतीच्या पलीकडे तिथेच त्याचा बोअर. त्याची टाकी त्याच्या पलीकडच्याच्या बोअरला लागून. असं ओळीच्या टोकापर्यंत. सगळ्या लेआउटने शास्त्र काटेकोर पाळलं तर प्रत्येकाच्या घरात सुखशांती आणि प्रत्येकाच्या बोअरला शेजाऱ्याचा आशीर्वाद. कागद बघून वास्तुवाले थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पाणी उकळून प्या.”

मिस्त्रीकडे यावर तोडगा होता. त्याच्याकडे तो नेहमी असतोच. “टेंशन नका घेऊ भाऊ. टाकीले खाली कोबाच नाही करत. तळ उघडा ठेवू. आणि वरून एक पाइप नालीत काढून देतो. रात्री काढू.” वाचकांनी नाक मुरडू नये. आपल्या ओळखीत एखादे तरी काका असतात, जे लग्नाच्या पंगतीत अभिमानाने सांगतात, “वीस वर्षं झाली, टाकी एकदाही उपसली नाही!” पुस्तकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि मीटरभर पाण्याची टाकी पुरते, आणि ती दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. वीस वर्षं उपसावी न लागणारी टाकी ही टाकी नव्हेच. काकांचं सगळं वैभव एक तर नालीत जातं, नाही तर शेजाऱ्याच्या बोअरमध्ये. पंगतीतला जो शेजारी हे ऐकून कौतुकाने मान हलवतो, त्याला ते ठाऊक नसतं.

“आणि भरली तं पोट्टं उतरवून साफ करून देऊ,” असंही मिस्त्री सहज बोलून गेला. साडू एरवी कोणाला ‘अरे’ म्हणत नाहीत. त्या दिवशी ओरडले. त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असतो तोवर सडक्या अंड्याचा वास येतो, फार झाला की आधी नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि आत उतरलेला माणूस बाहेर येत नाही. दर वर्षी अशा बातम्या येतात, आतल्या पानावर, दोन ओळींच्या. सुरक्षेची साधनं न देता माणूस टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गाडी बोलवायची, नळी आत सोडायची, पैसे द्यायचे. हे त्यांनी मिस्त्रीला सांगितलं आणि मिस्त्री म्हणाला, “बरोबर हाय साहेब. मी आपलं म्हटलं.” खर्रा थुंकायला तो जरा दूर गेला, आणि त्या दिवशी पुन्हा त्या विषयावर बोलला नाही.

मग उपाय काय? ६० मिनिटांच्या वर गेलेल्या जमिनीसाठी मानकात जैविक गाळणी सांगितली आहे. पोराने दुसरी वाट काढली. नीरीने ‘फायटोरिड’ नावाची पद्धत विकसित केली आहे. खडी-वाळूचा वाफा, त्यात पाणथळीतली झाडं. सांडपाणी खडीच्या आतून हळूहळू सरकतं, वर दिसत नाही, म्हणून डास नाहीत. झाडांची मुळं आणि मुळांवरचे जिवाणू ते शुद्ध करतात. त्याच तत्त्वावर त्याने घरापुरता आराखडा काढला. पक्क्या तळाची टाकी, तिच्या पुढे पक्क्या तळाचा वाफा, वाफ्यात कर्दळ, आणि शेवटी जे पाणी निघेल ते बागेला. मातीला काही मागायचंच नाही. तिने नाही म्हणून सांगितलं आहे, तिचा मान राखायचा.

वाफा येतो घराच्या पुढच्या पट्ट्यात, पूर्वेला. सांडपाणी पूर्वेला चालत नाही, असं वास्तुवाले म्हणाले. बाग चालते का? बाग उत्तम. मग नकाशावर ‘बाग’ असं लिहिण्यात आलं आणि त्यांनी सही केली. जेवताना आणि जेवणानंतर हा विषय नको म्हणणारी मेव्हणी आता त्याच्यातच बुडाली. लाल कर्दळ लावायची की पिवळी, मधे एखादा दगडी बगळा ठेवायचा का, यावर रोज बैठका होऊ लागल्या. ग्रॅनाइटचा मुद्दा मागे पडला.

साडूंच्या आई हे सगळं ऐकत होत्या. त्यांचा प्रश्न एकच होता. “कर्दळीला फुलं आली की देवाला वाहायची का?”

साडू म्हणाले चालतील. मेव्हणी म्हणाली नाही चालणार. इंजिनीअर पोरगा म्हणाला, “आजी, फुलापर्यंत ते काही जात नाही,” पण त्याच्या मानकात याविषयी काही दिलेलं नव्हतं. शेवटी गुरुजींना फोन लावला. गुरुजींनी सगळी हकीकत ऐकून घेतली. टाकी, खडी, मुळं, जिवाणू, सगळं. मग त्यांनी निर्णय दिला.

“फुलाला दोष नाही. खुशाल वाहा. पण वास्तुशांतीला मी येईन, तेव्हा हार बर्डीच्या बाजारातून आणा.”